वर काय न्यायचं

लोक दुसऱ्याच्या घरात शिरले की आधी माणसांचे चेहरे बघतात. मी भिंत बघते, तीही खालची, गुडघ्याएवढी. विमा कंपनीत सर्व्हेअर आहे मी, पुराच्या नुकसानीची. पाणी ओसरलं, चिखल जरा वाळला की मला पाठवतात. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते बघायचं, टेप लावायची, फोटो काढायचा, आणि मग एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगायचं, ही वाचेल, ही गेली. वर्षानुवर्षं हेच केल्यावर नजर आपोआप खाली जाते, त्याला माझा इलाज नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरानवरीच्या आधी मला हॉलमधले प्लग किती उंचीवर आहेत ते दिसतं. आमचे हे मला पाणबुडी म्हणतात. म्हणू देत. घरातला फ्रीज मी विटांच्या ओट्यावर चढवलाय, लोणी काढायला यांना टाचा उंचवाव्या लागतात, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क त्यांना आहेच.

तर हे सगळं खपून जात होतं. वांधा झाला तो ठमीवरून.

ठमी म्हणजे माझ्या लेकीची लेक. खरं नाव वेगळं आहे, चांगलं मोठं, पण एवढीशी असून कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार? लेक चष्म्याच्या दुकानात कामाला, जावई फिरतीवर, त्यामुळे शाळा सुटली की ठमी आमच्याकडे यायची आणि संध्याकाळी आईबरोबर घरी जायची. आता येत नाही. पाळणाघरात जाते. लेकीनं मला तोंडावर सांगितलं की आधी तू स्वतःचं काहीतरी कर, मग बघू. त्या ‘मग बघू’नं माझी झोप उडवली. संध्याकाळी कामावरून आले की घर खायला उठतं. हे टीव्ही लावून बसतात, मी उगाच भांडी पुन्हा विसळते. मला ती पोरगी परत हवी होती, दुसरं काही नको होतं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, जग काही मला विचारून बुडत नाहीये.

झालं काय, तर मी तिला एक खेळ शिकवला. वरवर म्हणायचो आम्ही त्याला. मी खालून ओरडायचं, ‘आलं!’ की ठमीनं बूट घालायचे, दप्तर पाठीला लावायचं, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून कपाटावर आणि कपाटावरून माळ्यावर. वर पोचली की मी टाळ्या वाजवायच्या. मधे मधे मी विचारायची, ‘फ्रीज काय करतो?’ तिनं म्हणायचं, ‘तरंगतो!’ लोकांना हे माहीतच नसतं हो. फ्रीज तरंगतो, आडवा होतो आणि नेमका दारात जाऊन अडकतो. ‘पाणी पहिल्यांदा कुठून येतं?’ ‘संडासातून!’ आणि मग खिदळत बसायची, कारण त्या वयात संडास हा शब्दच विनोदी असतो. ‘वर काय न्यायचं?’ ‘भिजलं तर रडू येईल ते!’ शाबास. इतर आज्या नातवंडांना काय शिकवतात मला ठाऊक नाही, मला जे येतं ते मी शिकवलं. गाणं येत असतं तर गाणं शिकवलं असतं.

मग एक दिवस शाळेतून फोन आला. वर्गातलं पाण्याचं पिंप गळत होतं, फरशीवर ओघळ आला, आणि आमची ठमी पुस्तकांच्या कपाटावर. बाई खाली ये म्हणतायत, ही उतरायला तयार नाही. वरून सगळ्या पोरांना ओरडून सांगतेय, वर या, वर या. अर्धा वर्ग रडायला लागला. उतरवताना पडली ती, हनुवटीला टाके पडले. त्याआधीपासून ती रात्री उठून जेवणाच्या टेबलावर जाऊन झोपत होती म्हणे. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लेक त्या संध्याकाळी आली ती बूटही न काढता. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द उलट बोलले असते. ती शांतपणे बोलत होती. म्हणाली, ‘आई, मी लहान असताना तू रात्री घरभर फिरायचीस आणि मी डोळे मिटून पडून राहायचे. मला वाटायचं, मी जागी आहे हे कळलं तर तू मला सांगशील काय होणार आहे ते. मला ते नको होतं. तिलाही नको.’

मी म्हटलं, ही भीती नाही, याला अक्कल म्हणतात. जे होणार ते डोळ्यांनी बघून आलेय मी. पूर्वी म्हातारी माणसं सांगायची, आमच्या आज्याच्या वेळी एकदा पाणी आलं होतं. आता एकेका घरात मी तिसऱ्यांदा जाते, घरची कुत्री माझ्यावर भुंकायची थांबलीयेत. हे सगळं मी बोलले. ती ऐकत होती, पण तिचा हात सारखा ठमीच्या दप्तराचा पट्टा आवळत होता, आणि मला कळलं की हिचा निर्णय झालाय. जाताना एक पत्ता टेबलावर ठेवून गेली. समुपदेशक बाई होत्या कुणी. हवामानाच्या काळजीनं पिचलेल्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करतात.

गेले. न जाऊन सांगते कुणाला? आणि ही बैठक कुठे, तर वाचनालयाच्या तळघरात. तळघरात! मी आधी मोरी कुठे आहे ते बघितलं आणि जिन्याजवळची खुर्ची धरली. पाचसहा माणसं होती. एक दाढीवाला पोरगा, तो हिमनद्यांसाठी रडायचा. त्यानं आयुष्यात एकही हिमनदी बघितली नव्हती. एक निवृत्त भूगोलाच्या बाई, त्यांचं दुःख असं की जन्मभर मुलांकडून कुठल्या महिन्यात पाऊस, कुठल्या महिन्यात थंडी ते पाठ करून घेतलं, चुकलं तर उभं केलं, आणि आता सगळंच चुकीचं ठरलं, तर त्या मुलांना तोंड कसं दाखवू. समुपदेशक बाई मऊ आवाजात सांगायच्या, श्वास घ्या, सोडा. मनात म्हटलं, श्वास तर मी जन्मल्यापासून घेतेय, त्यानं काही फरक पडलेला दिसत नाही.

घरी येऊन मी यांना सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. हे पोट धरून हसले आणि मग म्हणाले, ‘अगं, पण तू जातेस ना पुढच्या वेळी?’

जात राहिले. ठमीसाठी जात होते, खोटं कशाला बोलू. एकदा माझी पाळी आली. मला वाटलं होतं, मी थोडक्यात आटपेन. पण मी त्यांना नदीकाठच्या एका बाईंबद्दल सांगायला लागले. एकट्याच राहतात. पहिल्यांदा मी गेले तेव्हा घर चिखलानं भरलेलं, त्या पायरीवर बसलेल्या. दुसऱ्यांदा मला ओळखलं. तिसऱ्यांदा मी गेले तर घर लखलखीत. बाईंनी भिंती पुसून, घासून, वर चुना फिरवला होता. पाण्याची रेघच नाही. रेघ नाही तर मी मोजू काय आणि कंपनीला दाखवू काय? मी जरा चिडूनच विचारलं, असं का केलंत, सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून. तर म्हणाल्या, तुम्ही येणार होतात ना. पाहुण्यांसमोर तसं घर बरं दिसतं का?

एवढं सांगून मी म्हटलं, मला भीती नाही वाटत, बाई. मला कंटाळा आलाय. दरवर्षी तीच गादी, तीच फुगलेली कपाटं, तेच फोटो उन्हात वाळत घातलेले. लोकांना वाटतं दुःख एकदा येतं, रडून मोकळं होता येतं. हे दुःख पुन्हा पुन्हा येतं आणि मला आता त्याच्यासाठी नवं रडूसुद्धा येत नाही. मी आता त्यांच्या घरी पाहुणी झालेय. पाण्यामागून येणारी पाहुणी.

या वेळी श्वास घ्या असं बाई म्हणाल्या नाहीत. दाढीवाल्या पोरानं पेल्यात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून मी त्याच्या नकला करणं बंद केलं. पण म्हणून बरं वाटायला लागलं म्हणाल तर तसंही नाही. थोडं हलकं वाटायचं आणि घरी येऊन पाहावं तर ठमीची खुर्ची तशीच रिकामी.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. पाळणाघरातल्या बाई आजारी, जावई बाहेरगावी, दुकानात रजा मिळत नाही. अगदी नाइलाज झाल्याशिवाय ती फोन करणार नव्हती हे मला कळत होतं. तिनं एकच अट घातली. पाण्याचं नावही काढायचं नाही. ना खेळ, ना गोष्ट, ना टीव्हीवरच्या बातम्या. मी कानाला खडा लावला.

ठमी आली. हनुवटीवर बारीक पांढरा वण, पायात नवे बूट. दारात उभी राहून तिनं आधी घरभर नजर फिरवली, खाली, भिंतीच्या कडेकडेनं. ती माझी नजर होती.

दुपारभर आम्ही शहाण्यासारख्या वागलो. पत्ते खेळलो, चित्रं काढली, ऑम्लेट खाल्लं. तिला तहान लागली तेव्हा मी विचारलं, ‘काही प्यायला हवंय का?’ हे मागून म्हणाले, ‘जपून हं, बोलशील काहीतरी ओलं.’ ठमीला कळलं नाही, पण आजोबा हसले म्हणून ती हसली. मला वाटलं, जमतंय. संध्याकाळी लेक येईल, पोर हसताना बघेल, आणि कदाचित, कदाचित म्हणेल की बरं, पाठवते उद्या.

घात केला तो यांनीच. सकाळी नळाला पाणी नव्हतं. यांनी न्हाणीघरातला नळ उघडून बघितला, तसाच ठेवला आणि विसरले. बादली खाली, बादलीत कपडे, जाळीवर कुठलंसं फडकं बसलेलं. दुपारी कधीतरी पाणी आलं. हे झोपलेले, मी स्वयंपाकघरात. बाहेर आले तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाण्याची पातळ चादर सरकत सरकत बैठकीच्या खोलीत आलेली, आणि ठमी तिच्याकडे बघत उभी.

मी नळ बंद केला, फडकं ओढून काढलं आणि धावत तिच्याकडे आले. मला वाटलं आता ही कपाटावर चढणार, पुन्हा पडणार, आणि लेक मला जन्मात माफ करणार नाही. पण ठमी चढली नाही. तिनं बूटही घातले नाहीत. खुर्ची ओढत आणून टेबलाला लावली, माझा हात धरला आणि मला त्या खुर्चीकडे खेचायला लागली.

‘तू आधी,’ म्हणाली.

मी म्हटलं, अगं बंद केला मी नळ, काही होत नाही, हे बघ, आजोबा विसरले. तिनं ऐकलंच नाही. तिनं दोन्ही हातांनी मला मागून ढकललं. डोकं माझ्या कमरेत रुतवून ढकलत होती. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही.

‘तू नेहमी खालीच राहतेस,’ ती म्हणाली. ‘प्रत्येक वेळी. मी वर जाते आणि तू खालीच असतेस.’

आता मी काय सांगू तुम्हाला. मी किती घरं बघितली, किती वस्तूंवर बोट ठेवून ही वाचेल, ही गेली असं सांगितलं. ज्या वस्तू वर चढवण्यात अर्थ नसतो त्या लोकांनी खालीच ठेवलेल्या असतात. जुनी गादी, जड कपाट, मोडका पंखा. मीच सांगते त्यांना, पुढच्या वेळी यांच्यामागे जीव घालवू नका. आणि या खेळात रोज मीसुद्धा खालीच उभी होते, टाळ्या वाजवत. मी स्वतःला त्या गादीच्या आणि कपाटाच्या रांगेत बसवलं होतं. मला कधी जाणवलंच नाही. त्या एवढ्याशा पोरीनं पहिल्या दिवसापासून बघितलं होतं, आणि रात्री उठून टेबलावर जाऊन झोपत होती. कशाला, ते मी विचारलं तिला. तर म्हणाली, तुला वर घ्यायला खाली हात पुरतो का बघत होते.

मला रडू फुटलं. कितीतरी काळानं आलं आणि आलं ते थांबेचना. ठमी ढकलायची थांबली नाही. मग मी चढले. माझे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून जुनं झालं, मी म्हणते आता कशाला, कोणते डोंगर चढायचे राहिलेत. खुर्चीवर एक पाय ठेवला तर हाडं कुरकुरली. टेबलावर कशी गेले माझं मलाच ठाऊक. आधी पालथी पडले, मग सरकले, मग कशीबशी बसते झाले. ठमी माझ्यामागून झपकन वर आली आणि मांडीला मांडी लावून बसली. आवाजानं हे उठून आले, आम्हाला बघितलं, खालच्या फरशीकडे बघितलं, आणि फडकं घेऊन पुसायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

‘खरं पाणी आलं तर?’ ठमीनं विचारलं.

मी अट पाळायला हवी होती. पत्ते काढू या म्हणायला हवं होतं. पण पोर माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हटलं, ‘तर मी वर येईन. तुझ्यामागे नाही, तुझ्याबरोबर. आणि मला एकटीनं खेचायचं नाही तू, मी जड आहे. आईला हाक मारायची, आजोबांना मारायची. मीही मारेन.’

‘नक्की?’

‘नक्की.’

मग मी मान वर केली तर दारात लेक. किल्ली तिच्याकडे असते. कधीपासून उभी होती कोण जाणे. ओली फरशी, गुडघ्यांवर बसलेले बाबा, टेबलावर रडून सुजलेली आई आणि तिच्या कुशीत पोरगी. मला वाटलं, संपलं. आता ठमीचा हात धरेल आणि जाईल. मी म्हटलं, हिची काही चूक नाही, पाण्याची गोष्ट मीच केली.

लेकीनं पर्स तशीच ओल्या जमिनीवर ठेवली. टेबलापाशी आली. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणी कितीदा तरी झोपलेला बघितला होता, म्हणजे मला वाटायचं झोपलेला. ती म्हणाली, ‘आई, हात दे.’

माझा हात लगेच पुढे झाला नाही. सवय नाही मला. मग दिला. तिनं दुसरा हात माझ्या काखेत घातला आणि सगळा भार अंगावर घेऊन मला खाली उतरवलं, आणि खाली उतरल्यावरही थोडा वेळ सोडलं नाही. तिच्या खांद्याला दुकानातल्या काचा पुसायच्या औषधाचा वास येत होता.

निघताना ठमीला बूट घालता घालता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘उद्या शाळा सुटली की इकडेच येईल ती. खेळ नको. पण आत्ता जे सांगितलंस ना तिला, ते सांगत जा. रोज सांग, मला चालेल.’

मी सर्व्हेअर आहे. जे नाही ते आहे म्हणून मी आजवर कुठे सही केलेली नाही. वर येईन असं रोज सांगायचं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन लावून ऑपरेशनची तारीख मागितली.